ब्रेकला घाण्याचं तेल

आमच्या घरात संशय घेण्याचं खातं माझ्याकडं आहे.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते सासूबाईंकडं होतं. जाताना त्यांनी दागिने मोठ्या जावेला दिले आणि हे मला दिलं. हुबळीच्या बाजारात आमचं घाण्याच्या तेलाचं दुकान. आजेसासरे मिरजेकडून आले, इथं घाणा घातला, आणि तेव्हापासून आमचं घराणं शेंगदाणा, करडई आणि खोबरं पिळून जगतंय. आमचे हे स्वभावानं इतके गरीब, की गिऱ्हाईक म्हणालं, "तेलाचा डबा मागच्याच आठवड्यात परत केला की ओ," तर हे म्हणणार, "हो का? मग माझ्याकडूनच कुठंतरी हरवला असेल!" आणि वर त्यालाच चहा पाजणार. अशा घरात एकानं तरी डोळ्यांत तेल घालून बसायला पाहिजे. तेल घरचंच होतं, मी बसले.

तर आमची गाडी बोंबलायला लागली.

गाडी मीच चालवते. (ह्यांनी शिकायचा प्रयत्न केला होता. समोरून म्हैस आली की हे गाडी बंद करून खाली उतरायचे आणि म्हशीला वाट द्यायचे. मग नाद सोडला.) कोप्पीकर रोडवर एके दिवशी ब्रेकवर पाय ठेवला आणि चाकातून आवाज आला, "कींऽऽऽ!" रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. एक बाई तर कडेवरच्या पोराचे कान झाकून उभी राहिली. मी आपली सरळ बसूअण्णाच्या गॅरेजला गेले. बसूअण्णा चहा पीत होता. गाडी आत आली, थांबली, "कींऽ" झालं, आणि त्यानं पेलासुद्धा खाली न ठेवता सांगितलं, "पॅड होग्याव्री अक्का. होसाव हाकबेकरी."

म्हणजे ब्रेकचे पॅड संपले, नवे घाला!

"न बघताच?" मी म्हटलं.

"बघायचं काय त्यात? आवाज ऐकला की."

आता तुम्हीच सांगा. बॉनेट उघडलं नाही, खाली वाकला नाही, पान्याला हात लावला नाही. डॉक्टरनं दारातूनच खोकला ऐकून "ऑपरेशन" म्हणावं आणि आपण टेबलावर चढून झोपावं, असा प्रकार! मी म्हटलं, "विचार करून सांगते," आणि गाडी तशीच बोंबलत घरी आणली.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बदलून टाकू की. तो म्हणतोय तर."

"तो म्हणणारच! त्याचा धंदाच आहे तो!"

"पण आपलापण धंदाच आहे की. आपण नाही का म्हणत, तेल संपलं, नवीन घ्या?"

"आपण रिकामा डबा बघून म्हणतो!" मी म्हटलं. हे गप्प बसले. माझं बरोबर असलं की हे गप्प बसतात. चूक असलं तरी गप्पच बसतात, त्यामुळं मला नेमकं कळत नाही.

याच सुमारास आमच्या मेघानं घरात एक बातमी सोडली. मेघा आमची एकुलती एक. तारिहाळला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. रात्रीची भाकरी खाता खाता म्हणाली, "आई, अप्पा, आमच्या इथं निखिल म्हणून एक मुलगा आहे. धारवाडचा. आपल्यातलाच आहे, घरी मराठी बोलतात. मला पसंत आहे. त्याला रविवारी घरी बोलावलंय."

ह्यांनी लगेच विचारलं, "जेवायला काय करायचं?" मी विचारलं, "काय काम करतो?"

"टेस्टिंगला आहे."

"म्हणजे नक्की काय करतो?"

"आमच्याकडं ब्रेकची लायनिंग बनतात ना, ती घासून बघतो. किती झिजतात, किती तापतात, कधी आवाज करतात."

"दिवसभर ब्रेक घासतो? आणि त्याचा पगार देतात?"

"आई!" मेघा म्हणाली.

रविवारी निखिल आला. नेमकी त्याच वेळी मी भाजी घेऊन येत होते. देशपांडे नगरातल्या आमच्या फाटकाशी मी ब्रेक लावला आणि गाडीनं पाहुण्याचं स्वागत केलं, "कींऽऽऽ!" पोरगा उंच, चष्मेवाला, हातात पेढ्यांचा पुडा. वाकून नमस्कार केला. चांगला खोल वाकला. (इतकं कोण वाकतं आजकाल? मी मनात नोंद केली.) सरळ होता होता म्हणाला, "काकू, ब्रेक पॅड संपत आलेत. बदलून घ्या."

माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. बसूअण्णानं जे म्हटलं तेच! दोघांची ओळख नाही, पाळख नाही, आणि एकच वाक्य! आणि हा कामाला कुठं? ब्रेकच्या कारखान्यात!

"बघून तरी सांग," मी म्हटलं.

त्यानं पेढे ह्यांच्या हातात दिले, पुढच्या चाकापाशी बसला, मोबाइलचा उजेड पाडला. "हे बघा काकू, आत ही चकचकीत तबकडी दिसते ना? तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात, म्हणून गाडी थांबते. आणि हे पॅडचं अस्तर. वहीच्या पुठ्ठ्याएवढंच राहिलंय. अजून घासलं तर लोखंडावर लोखंड येईल, मग तबकडीपण जाईल. आणि हा जो आवाज येतोय ना, तो मुद्दाम ठेवलेला असतो."

"मुद्दाम?"

"हो. पॅडला पत्र्याची एक बारीक जीभ असते. अस्तर झिजलं की ती तबकडीला घासते आणि वाजते. म्हणजे गाडीवाल्याला कळतं, बदलायची वेळ झाली."

"कोण लावतं ती जीभ?"

"आम्हीच," निखिल म्हणाला. "म्हणजे आमचा कारखाना."

घ्या! चोरानं चावडीवर येऊन स्वतःच कबुली दिली! आवाज मुद्दाम काढायचा, माणसं घाबरवायची आणि नवा माल खपवायचा! मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी पेढा तोंडात टाकला होता.

पोरगा गेल्यावर मेघा माझ्यावर अशी काही धावून आली! "आई, तो मला मागणी घालायला आला होता, तुला पॅड विकायला नाही!"

"एका फेरीत दोन्ही होत असेल तर कोण सोडतं?"

मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं. आमची पोरगी चटकन रडणाऱ्यातली नाही. लहानपणी दुकानाच्या शटरमध्ये बोट सापडलं तेव्हासुद्धा रडली नव्हती. म्हणाली, "मला हाच पाहिजे, आई. तू नाही म्हणालीस तर मी भांडणार नाही, पळून जाणार नाही. पण मग दुसरं कुठलंही स्थळ बघायचं नाही. चालेल?"

"मी नाही कुठं म्हटलं? दसऱ्याला बन्नी, म्हणजे आपलं सोनं, द्यायला त्यांच्या घरी धारवाडला जाऊ. घर बघते, माणसं बघते, मग बोलू."

माझं "मग बोलू" म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. आधीची दोन स्थळं त्यातच गेली होती. एका मुलाचे वडील विनाकारण फार हसत होते, म्हणून. दुसऱ्यांनी शिऱ्यात इतकं तूप घातलं होतं की मला वाटलं, एवढं तूप घालून काय लपवतायत?

आता चौकशी तर करायलाच पाहिजे. स्थळाची चौकशी आपल्यात सगळेच करतात, फक्त कबूल कुणी करत नाही. एक दिवस घरी "भिशीला चालले" सांगून मी बसनं धारवाड गाठलं, काळा चष्मा घातला आणि निखिलच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात गेले. नको असलेला साबुदाणा घेतला आणि आडून आडून विचारलं. दुकानदार म्हणाला, "लई चांगली माणसं बघा. कधी आवाज नाही, भांडण नाही." मी म्हटलं, झालं! शेजारचा माणूस एवढं चांगलं बोलतोय म्हणजे पढवलेला असणार! मग उतारावरून खाली त्यांच्या घरापर्यंत जाऊन आले. गल्लीच्या टोकाला घर, आणि फाटकाच्या बाजूला वाळूचा हा मोठा ढीग. वर खोली बांधणार होते म्हणे. पण गवंडी नाही, विटा नाहीत, सिमेंटचं पोतं नाही! नुसती वाळू आणून टाकायची आणि लोकांना दाखवायचं, आमचं बांधकाम चाललंय! हे काही मला पटलं नाही.

आणि त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, फक्त चष्मा दिसत होता. "तेल शेंगदाण्याचंच ना? पाम मिसळत नाही ना? घाणा कुठं आहे? बघू दे की." बाटलीचं बूच काढून वास घेतला, थेंब तळहातावर घेऊन चोळला, उजेडात धरला, आणि शेवटी घेतली काय, तर सगळ्यांत लहान बाटली! मी ओळखलं, पलीकडच्या गल्लीतल्या तेलवाल्यानं पाठवलेली हेर आहे. ही जात माझ्या नजरेतून सुटत नाही. हे मात्र तिला आत नेऊन घाणा दाखवून आले, वर हातावर पेंडीचा तुकडा ठेवला. ह्यांना काय बोलणार!

खंडेनवमी आली. आमच्या घरची एक रीत आहे. वर्षभर राबलेल्या लोखंडाला त्या दिवशी आमच्याच घाण्याचं तेल मिळतं. शटर, तराजू, अडकित्ता, विळी, शिलाई मशीन, दाराच्या बिजागऱ्या. सासूबाई म्हणायच्या, जे कुरकुरतं त्याला आधी घाला. आणि खरंच, आमच्या घरात तेल घालून गप्प झाली नाही अशी वस्तू नाही. (माणसं होतात कधीकधी. त्यांना भजी तळून घालावी लागतात.)

गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. हातात दुकानातली लांब नळीची तेलाची कुपी होती. ती चकचकीत तबकडी जाळीतून माझ्याकडं बघत होती. आणि मला एकदम सुचलं. कुरकुरतंय कोण? ही! मग हिला का नाही? ज्या गोष्टीवर थेंबभर तेलाचा उपाय आहे, त्यासाठी ही कारखानेवाली मंडळी नवे पॅड विकतायत! मी कुपीची नळी आत घातली आणि तबकडीला दोन्ही बाजूंनी अंघोळ घातली. सणाचा दिवस, हात कशाला आखडायचा? दुसऱ्या बाजूच्या पुढच्या चाकालाही तसंच. मागच्या चाकांत फट सापडेना, नुसता लोखंडी डबाच होता. त्यांना कुंकू लावून सोडून दिलं.

मग गाडी जरा पुढं घेऊन ब्रेक दाबला. आवाज नाही! पुन्हा मागं. आवाज नाही! मी गाडीतून उतरून अंगणात उभी राहिले आणि ह्यांना हाक मारली, "ओ! या इकडं! ऐका!"

हे कान देऊन उभे राहिले. "काहीच ऐकू येत नाही."

"तेच ऐका!"

कुणाला सांगितलं मात्र नाही. म्हटलं, धारवाडला त्यांच्या फाटकाशी गाडी लोण्यासारखी थांबवायची, निखिलच्या तोंडाकडं बघायचं, आणि मग हळूच विचारायचं, "काय रे, कुठं गेली तुझी जीभ?" तेवढ्यासाठी दसऱ्याच्या सकाळी आणखी थोडं तेल घालून आले, कमी पडायला नको.

दुपारनंतर आम्ही निघालो. हे माझ्या शेजारी, मांडीवर बन्नीच्या पानांचं ताट. मेघा मागं, मोरपंखी साडी नेसलेली. देशपांडे नगरातून बाहेर पडताना ब्रेक जरा मऊ लागला. मी म्हटलं, तेलाचा गुण! उणकलचं तळं मागं पडलं आणि ह्यांनी नाक वर केलं.

"कुणीतरी भजी तळतंय."

"सण आहे. तळणारच."

नवनगर आलं. हे म्हणाले, "इथं पण तळतायत."

मलाही वास येत होता. चांगला खमंग, शेंगदाणा तेलाचा. जीभ खवळत होती. पुढं गेलो तरी वास तसाच. मी आरशात बघितलं. मागं एक टेम्पो होता. मला संशय आला, त्याच्यात कढई घेऊन कुणी बसलंय की काय? मी त्याला पुढं जाऊ दिलं. टेम्पो गेला, वास राहिला!

"आई," मेघा मागून म्हणाली, "गाडीतून धूर येतोय का?"

"उदबत्ती लावली होती सकाळी."

"बॉनेटवर?"

"पूजा आपली यथासांग असते," मी म्हटलं.

नवलूरला पेरू घ्यायला थांबायचं ठरलं होतं. पेरूवाली रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेली. मी ब्रेक दाबला. गाडी तिच्यासमोर आली, तिच्याकडं बघत बघत पुढं गेली, आणखी पुढं गेली, आणि जेव्हा थांबली तेव्हा आम्ही तिसऱ्याच पेरूवालीपाशी होतो. तिचे पेरू बारीक होते. पण गाडी वेळेवर थांबली नाही हे कबूल करायचं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "हिच्याकडचेच चांगले."

"मेघाच्या आई," हे हळूच म्हणाले, "गाडी थांबायला वेळ घेतीय का?"

"पेट्रोल पंपावरच्यानं हवा जास्त भरलीय. मला तेव्हाच शंका आली होती!"

त्यानंतर ह्यांनी बन्नीचं ताट मागं मेघाकडं दिलं, आणि धारवाड येईपर्यंत हे आपला उजवा पाय जमिनीत रोवून बसले. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही, पण दाबत होते.

निखिलची गल्ली आली. तो उतार! चौकशीला आले तेव्हा पायी आले होते, तेव्हा तो एवढा तिरका वाटला नव्हता. खाली फाटकाशी निखिल, त्याचे वडील आणि त्याची आई उभी. आईच्या हातात ओवाळायचं ताट. मी मोठ्या ऐटीत ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला. गाडीनं जरा विचार केल्यासारखं केलं, आणि चालू लागली.

"थांब की," हे म्हणाले.

"थांबवतीय!"

"मग थांबत का नाही?"

"तिला विचारा!"

"आईऽऽ!" मेघा ओरडली. मघापासूनचा सगळा तोरा एका क्षणात उतरला. माझी पोरगी मागं बसली होती. खाली तिचा नवरा होणारा मुलगा उभा होता, आणि मी गाडी घेऊन त्याच्याच अंगावर चालले होते. मी आयुष्यात कधी घाबरले नाही तेवढी घाबरले. खाली निखिलनं हात वर केला. त्याचे वडील हसत हात हलवत होते, त्यांना वाटलं आम्ही फारच आनंदात आहोत. आणि त्या क्षणी आमच्या ह्यांनी, म्हशीसाठी गाडीतून उतरणाऱ्या आमच्या ह्यांनी, दोन्ही हातांनी हँडब्रेक धरला आणि विहिरीतून घागर ओढावी तसा वर ओढला. मी स्टिअरिंग वळवलं. गाडी आडवी झाली आणि मऊ "भस्स" करून वाळूच्या ढिगात शिरली.

सगळं शांत झालं. वाळू खरी होती, हे मी आता खात्रीनं सांगू शकते.

दारं उघडली. मेघा उतरली, मोरपंखी साडीवर बन्नीची पानं चिकटलेली. कुणाला काही लागलं नव्हतं. चाकांतून निळा धूर निघत होता आणि गल्लीभर भज्यांचा वास! वरच्या घरातली दोन माणसं बाहेर येऊन बघायला लागली, कुठं वाटतायत. निखिल धावत आला, आधी मेघाला बघितलं, मला बघितलं, ह्यांना बघितलं, आणि मग चाकापाशी बसला. तबकडीजवळ बोट नेलं, वास घेतला, माझ्याकडं वर बघितलं.

"काकू," तो अगदी हळू म्हणाला, "ब्रेकला तेल?"

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, "त्या मेल्या बसूअण्णानंच ओतलं असेल!" खोटं वाटलंही नसतं. पण मेघा माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडाचा रंग उडाला होता. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. संपलं सगळं, एवढंच होतं. आणि मला वाटलं, बाई गं, हिचं लग्न तुझ्या कुपीनं मोडलंस!

"मीच घातलं," मी म्हटलं. "खंडेनवमीचं. आज सकाळी परत घातलं. आवाज बंद व्हावा म्हणून. मला वाटलं, तू मला पॅड खपवतोयस."

निखिलनं डोळे मिटले. "मागच्या चाकांना पण घातलंत?"

"तिथं फट सापडली नाही."

"देवाची कृपा," तो म्हणाला. "मागं बंद डब्यातले ड्रम ब्रेक आहेत म्हणून निदान निम्मी तरी थांबत होती."

तेवढ्यात त्याची आई पुढं आली. हातात ते ओवाळायचं ताट तसंच. बाई ठेंगणी, चष्मेवाली, करारी. मी मान खाली घातली. म्हटलं, आता बोल ऐकायचे. ती बाई चाकापाशी वाकली, नाक पुढं केलं आणि लांब श्वास घेतला. परत घेतला.

"कुठलं तेल हे?"

मान खाली होती, तरी धंद्याचा अभिमान कुठं जातो! "आमच्या दुकानातलं. दुसरं कुठलं असणार?"

"रोज विकता तेच? की घरचं वेगळं?"

"वेगळं कशाला असेल? ज्या डब्यातून गिऱ्हाइकाला, त्याच डब्यातून गाडीला!"

ती बाई सरळ उभी राहिली. "अस्सल आहे हो," नवऱ्याला म्हणाली. "थेंबभर पाम नाही. पाम जळलं की असा वास येत नाही. आता माझी खात्री पटली."

"कसली खात्री?" आमचे हे म्हणाले.

"भेसळवाल्यांच्या घरात सोयरीक नको, असं मी ह्यांना सांगितलं होतं. म्हणून मी तुमच्या दुकानातून बाटली नेली होती. फ्रीजमध्ये ठेवून बघितली, पामसारखी घट्ट थिजली नाही. पण म्हटलं, तोंडाला ओढणी बांधलेली बाई बघून तुम्हाला संशय आला असेल, चांगल्या डब्यातलं दिलं असेल." तिनं चाकाकडं बोट दाखवलं. "पण ब्रेकमध्ये ओतायला कुणी चांगलं तेल वेगळं काढून ठेवत नाही!"

मी तिच्या चष्म्याकडं बघितलं. तोच चष्मा! माझ्या दुकानात, माझ्या नाकासमोर उभी राहून ही बाई माझी चौकशी करून गेली होती, आणि मी तिला तेलवाल्याची हेर समजले!

"तुम्ही?" मी म्हटलं.

"आणि काळा चष्मा घालून साबुदाणा घ्यायला आलेल्या तुम्हीच ना?" ती म्हणाली. "दुकानदार आमचा भाचाच आहे."

पढवलेलाच होता तर! मी म्हणत नव्हते? पण तेव्हा ते बोलायची वेळ नव्हती. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. इतक्या वर्षांत मला माझ्या तोडीचं माणूस भेटलं नव्हतं. आणि मग तिला हसू फुटलं, मला फुटलं, आणि वाळूत रुतलेल्या गाडीशेजारी उभ्या राहून आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तिनं ओवाळलं. आधी मेघाला, मग ह्यांना, मग मला, आणि शेवटी गाडीला. मेघानं पदरावरची बन्नीची पानं वेचून त्यांच्या हातात दिली. "बंगारधंग इरोण," निखिलचे वडील म्हणाले, सोन्यासारखं राहू या. आमचे हे म्हणाले, "राहू की! भजी कुठं मिळतील इथं? मघापासून जीव जातोय."

भजी झाली, चहा झाला, तारीखही ठरली. गाडी वाळूतून काढायला निम्मी गल्ली आली होती. पुढं बसूअण्णानं नवे पॅड घातले आणि जुने काढून माझ्या हातात दिले. अस्तर पार गेलेलं, आणि त्या पत्र्याच्या जिभा तशाच, बिचाऱ्या ओरडून ओरडून चकचकीत झालेल्या. मी त्या कापसानं पुसून दुकानात गल्ल्यामागं ठेवल्यात. हे म्हणतात, फेकून दे. मी म्हणते, राहू दे.

लग्न होऊन आता दुसरा दसरा आला. निखिल फार गुणी जावई आहे, मला आईसारखं मानतो. पण खंडेनवमीला सकाळी सकाळी धारवाडहून येऊन आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसतो. सगळी पूजा होईपर्यंत उठत नाही. माझ्या हातात तेलाची कुपी दिसली की हसत हसत चाकाच्या आड येतो. आणि रात्री परत जाताना, मी बघत नाही असं बघून, खाली वाकून चारी चाकांचा वास घेतो.

तसं पोराला नाव ठेवायला जागा नाही. फक्त स्वभाव जरा संशयी आहे!